व्हेनिसचे तीन मुक्काम: आखणी कशी करायची

व्हेनिसला काय बघायचं याची यादी कुठेही मिळते. पण सकाळी अकरा वाजता रियाल्टोच्या पुलावर गर्दीत अडकलेल्या माणसाला त्या यादीचा काडीचा उपयोग होत नाही. या शहरात ठरवायच्या गोष्टी दोनच: रात्री झोपायचं कुठे आणि कोणत्या वेळी कुठल्या भागात असायचं. बाकीचं त्यानुसार आपोआप बसतं.

दिवसभरासाठी आलेले पाहुणे सकाळी दहाच्या सुमारास थडकतात आणि जवळजवळ सगळेच एका पट्ट्यातून चालतात: रेल्वे स्टेशन, रियाल्टो, सान मार्को. संध्याकाळी पाच-सहाला ते परतीला लागतात. म्हणून तो पट्टा सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर गाठायचा. मधला वेळ कडेच्या वस्त्यांत, लगूनमधल्या (शहराभोवतीच्या उथळ खाऱ्या पाण्यातल्या) बेटांवर किंवा संग्रहालयांच्या आत काढायचा. पट्ट्यापासून दोन गल्ल्या आत शिरलं, की भर हंगामातही एखाद्या चौकात पोरं फुटबॉल खेळताना दिसतात.

मुक्काम तीन रात्रींचा धरा. दोन रात्रींत पूर्ण दिवस एकच मिळतो आणि तो पट्ट्यातच खर्ची पडतो.

महिना कोणता

एप्रिल-मे आणि सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ हवेच्या दृष्टीने उत्तम, आणि म्हणूनच महाग. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा, डास आणि ओहोटीच्या वेळी लहान कालव्यांना येणारा वास, तिन्ही एकदम भेटतात. ६ जानेवारीचा सण उरकला की मुखवट्यांचा कार्निव्हल उत्सव सुरू होईपर्यंतचे आठवडे सर्वांत स्वस्त आणि शांत. थंडी बोचते, धुकं पडतं, पण सान मार्को चौक मोकळा मिळतो.

तारखा पक्क्या करण्याआधी काही दिवस तपासा. कार्निव्हलचे शेवटचे दोन शनिवार-रविवार, जुलैच्या तिसऱ्या रविवारचा रेदेंतोरे सण (आतषबाजी आदल्या रात्री असते), ऑगस्टअखेर लीदो बेटावर सुरू होणारा चित्रपट महोत्सव आणि सप्टेंबरच्या पहिल्या रविवारची ऐतिहासिक नौकास्पर्धा. या दिवसांत खोल्यांचे भाव कडाडतात. सोहळा बघायचाच असेल तर गोष्ट वेगळी.

मुक्कामाची जागा

मेस्त्रे हे मुख्य भूमीवरचं उपनगर. खोल्या बऱ्याच स्वस्त, ट्रेन दहा-बारा मिनिटांत लगूनवरच्या पुलावरून बेटावर आणून सोडते, तिकीट दीड युरोच्या आसपास. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. हिशेब सरळ आहे. पण मेस्त्रेत राहिलं की सकाळी सातचा आणि रात्री दहाचा व्हेनिस हातचा जातो, आणि या शहराचे सर्वांत चांगले तास तेच आहेत. चार रात्री मेस्त्रेत काढण्यापेक्षा तीन रात्री बेटावर काढा. तरीही मेस्त्रेच परवडत असेल तर स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांत असलेली जागा घ्या. ‘व्हेनिस’ म्हणून जाहिरात केलेली बरीच हॉटेलं प्रत्यक्षात मार्गेरा या मुख्य भूमीवरच्याच भागात किंवा महामार्गालगत असतात, तेव्हा नकाशा उघडून बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

बेटावर सहा विभाग आहेत: कान्नारेजो, कास्तेल्लो, सान मार्को, सान पोलो, सांता क्रोचे आणि दोर्सोदुरो. पहिल्यांदा जाणाऱ्याने कान्नारेजो घ्यावं, त्यातही उत्तरेकडचा भाग. स्टेशन जवळ, कालव्यांच्या कडेचे रस्ते लांब आणि सपाट, मुरानो-बुरानो बेटांच्या बोटी सुटतात ते फोंदामेंते नोवे हाताशी आणि खाण्याच्या जागा वाजवी दरात. दोर्सोदुरो चित्रसंग्रहालयांसाठी आणि झात्तेरेच्या लांब काठासाठी चांगलं. कास्तेल्लोचं पूर्व टोक फार शांत, पण स्टेशनपासून लांब. सान मार्को विभागात भाव सर्वांत जास्त, दिवसा कलकलाट आणि रात्री दुकानं बंद झाली की सामसूम.

खोली घेण्याआधी मालकाला थेट विचारा: बोटीच्या सर्वांत जवळच्या धक्क्यापासून दारापर्यंत किती पूल आहेत? लिफ्ट आहे का? दोन पूल आणि लिफ्ट नसलेला तिसरा मजला म्हणजे २३ किलोची बॅग पुन्हापुन्हा उचलणं. तळमजल्याची खोली हिवाळ्यात टाळा, ओल असते आणि भरतीचं पाणी सर्वांत आधी तिथेच येतं. भाड्याव्यतिरिक्त पालिकेचा मुक्काम-कर लागतो, जागेच्या दर्जानुसार माणशी दर रात्री एक ते पाच युरो, पहिल्या पाच रात्रींपुरता. तो बऱ्याचदा तिथे गेल्यावर, कधी रोखीत मागतात.

पत्ता वाचायची रीत आधीच समजून घ्या. ‘कास्तेल्लो ४५९३’ असा पत्ता असेल तर ४५९३ हा रस्त्यावरचा घरक्रमांक नसतो. तो अख्ख्या कास्तेल्लो विभागाचा सलग क्रमांक असतो, आणि कास्तेल्लोत हे आकडे सहा हजारांच्या पुढे जातात. शेजारच्या गल्लीत क्रमांक एकदम शे-दोनशेने उडी मारू शकतो. शिवाय एकाच नावाच्या गल्ल्या वेगवेगळ्या विभागांत असतात. म्हणून क्रमांकासोबत गल्लीचं नाव, जवळचं चर्च किंवा चौक आणि नकाशावरचा नेमका बिंदू, हे सगळं मालकाकडून घेऊन फोनमध्ये ऑफलाइन साठवा. उंच भिंतींच्या चिंचोळ्या गल्ल्यांत फोनचा निळा ठिपका शेजारच्या कालव्यात उभा राहतो. तेव्हा भिंतींवरचे पिवळे फलक कामाला येतात: रियाल्टो, सान मार्को, फेरोविया म्हणजे स्टेशन, आणि पियात्साले रोमा म्हणजे बसचा शेवटचा थांबा. रस्ता पूर्ण हरवला तर यांपैकी एक धरा आणि बाण संपेपर्यंत चाला.

पोहोचणं आणि सामान

मार्को पोलो विमानतळावरून स्वस्त आणि भरवशाचा मार्ग म्हणजे पियात्साले रोमापर्यंतची बस. एसीटीव्ही कंपनीची ५ क्रमांकाची किंवा एटीव्हीओ कंपनीची, वीस-पंचवीस मिनिटं, साधारण दहा युरो. पियात्साले रोमा हे चाकाच्या वाहनांचं शेवटचं ठिकाण, पुढे पाय किंवा बोट. आलिलागुना कंपनीची बोट पाण्यातून थेट नेते, पण सान मार्कोपर्यंत सव्वा ते दीड तास घेते. मुक्काम फोंदामेंते नोवेजवळ असेल तर मात्र तीच सोयीची, कारण ती त्या धक्क्याला बरीच आधी लागते. खासगी टॅक्सी-बोट शंभर युरोंच्या वर जाते, चार-पाच जण आणि बरंच सामान असेल तरच तिचा विचार करा.

ट्रेनने येणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं की स्टेशनं दोन आहेत. ‘व्हेनेत्सिया मेस्त्रे’ आधी येतं, तिथे उतरू नका. बेटावरचं स्टेशन ‘व्हेनेत्सिया सांता लुचिया’. त्याच्या पायऱ्या उतरलं की समोर थेट ग्रँड कॅनाल.

सामान कमी घ्या, हा सल्ला इथे पाठीच्या कण्यासाठी आहे. शहरात चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. माणशी एक मध्यम बॅग, एका हाताने उचलून चाळीस पायऱ्या चढता येईल इतकीच. पियात्साले रोमा आणि स्टेशन यांना जोडणारा २००८ चा नवा पूल दिसायला देखणा, पण त्याच्या पायऱ्यांची रुंदी एकसारखी नाही आणि पावसात त्या निसरड्या होतात. बॅग घेऊन तो ओलांडण्याऐवजी पियात्साले रोमावरूनच बोट धरा. बोटीच्या तिकिटात एक बॅग येते, लांबी-रुंदी-उंची मिळून १५० सेंटिमीटरपर्यंतची.

वापोरेत्तो: तिकिटाचं गणित

वापोरेत्तो म्हणजे इथली जलबस. ७५ मिनिटांचं सुटं तिकीट ९.५० युरो. २४ तासांचा पास २५, ४८ तासांचा ३५, ७२ तासांचा ४५ युरो. म्हणजे दिवसात तीन वेळा बोट धरली की पास परवडतो. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, आणि ६ ते २९ वयोगटासाठी ‘रोलिंग व्हेनिस’ कार्ड सहा युरोंना मिळतं, त्यावर ७२ तासांचा पास २७ युरोंत पडतो.

बहुतेक लोक डोळे झाकून ७२ तासांचा पास घेतात आणि मग चालतच फिरतात. व्हेनिस चालायचं शहर आहे. रियाल्टो ते सान मार्को जेमतेम दहा मिनिटं, स्टेशन ते सान मार्को अर्धा-पाऊण तास. एकच २४ तासांचा पास पुरतो, फक्त तो कधी सुरू करायचा हे कळलं पाहिजे. पासचे तास पहिल्यांदा यंत्राला टेकवल्यापासून मोजले जातात, कॅलेंडरच्या तारखेने नाही. बेटांच्या दिवशी सकाळी नऊला तो सुरू करा. दिवसभर बुरानो-मुरानो होतात, संध्याकाळी ग्रँड कॅनाल होतो, आणि दुसऱ्या दिवशी नऊच्या आत पहाटेच्या उजेडात तोच कालवा पुन्हा, त्याच पासवर.

पास असला तरी प्रत्येक वेळी धक्क्यावरच्या यंत्राला टेकवावाच लागतो. हिरवा दिवा लागला आणि यंत्र वाजलं याची खात्री करा. तपासनीस येतात आणि पर्यटक म्हणून सूट मिळत नाही.

नवख्याची हमखास चूक दिशेची. लहान धक्क्यांवर दोन्ही दिशांच्या बोटी एकाच तरंगत्या फलाटाला लागतात. बोटीच्या पाटीवर क्रमांकासोबत शेवटचं ठिकाण लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय चढू नका. सान झक्कारियासारख्या मोठ्या ठिकाणी उलट अडचण: ए, बी, सी अशी अक्षरं असलेले बरेच फलाट काठाने लांबवर पसरलेले. आपली बोट कोणत्या अक्षरावरून सुटते हे आधी पडद्यावर बघा, मग चाला.

क्रमांक १ ग्रँड कॅनालच्या जवळजवळ प्रत्येक धक्क्याला थांबते, पियात्साले रोमा ते सान मार्को पाऊण तास. क्रमांक २ कमी थांबे घेते. कालवा बघायचा असेल तर क्रमांक १, आणि तीही पियात्साले रोमावरून, कारण ती तिथून सुटते. पुढच्याच धक्क्यावर, स्टेशनसमोर, बसायच्या जागा भरतात. पाठीवरची सॅक काढून पायाशी ठेवा. बोटीवर हा शिष्टाचार आहे आणि खिसेकापूंपासून बचावही.

ग्रँड कॅनालवर पूल फक्त चार. मध्येच पलीकडे जायचं तर त्रागेत्तो नावाची साधी गोंडोला दोन युरोंत सोडते. सांता सोफियाहून रियाल्टोच्या मंडईकडे जाणारी सर्वांत कामाची. सुटे पैसे हातात ठेवा आणि संध्याकाळी तिच्या भरवशावर राहू नका.

खऱ्या गोंडोलाचे दर पालिकेने ठरवलेले आहेत: दिवसा ३० मिनिटांना ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांना ११०. हा दर अख्ख्या नावेचा, पाच माणसांपर्यंत. गाणंबिणं त्यात धरलेलं नसतं. सान मार्कोच्या काठावरून बसलात तर निम्मा वेळ मोठ्या बोटींच्या लाटांवर हेलकावे खाण्यात जातो. आत, एखाद्या लहान कालव्याच्या पुलाशी उभ्या असलेल्या नावाड्याकडे जा, वेळ आणि मार्ग बसण्याआधी बोलून घ्या.

आधी काढायची तिकिटं

क्रम असा ठेवा: आधी खोली, मग पलात्सो दुकाले म्हणजे डोजचा (जुन्या व्हेनिस प्रजासत्ताकाच्या प्रमुखाचा) राजवाडा, मग सान मार्को बॅसिलिका. राजवाड्याचं तिकीट तीस दिवस आधी काढलं तर स्वस्त पडतं. त्याच तिकिटावर चौकाच्या दुसऱ्या टोकाचं कोर्रेर संग्रहालयही बघता येतं. तुरुंग आणि जुन्या कचेऱ्यांमधून नेणारी ‘गुप्त वाटांची’ फेरी वेगळी आरक्षित करावी लागते. ती लवकर भरते आणि राजवाड्याच्या भव्य दालनांपेक्षा जास्त लक्षात राहते.

बॅसिलिकेत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत आणि मोठी पाठपिशवी आत नेता येत नाही. वेळ आरक्षित करूनही लोक दारावरून परत फिरतात ते याच दोन कारणांनी. रविवारी सकाळी प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारी दोननंतर प्रवेश. मुख्य प्रवेशासोबत वरच्या सज्ज्याचं आणि संग्रहालयाचं तिकीट जरूर घ्या. बाहेर दिसणारे चार घोडे प्रतिकृती आहेत, खरे आत आहेत, आणि सोनेरी मोझेक वरून, जवळून बघायला मिळतात.

बंदचे दिवस जुळवा. पेगी गुगेनहाइम संग्रह मंगळवारी बंद. आक्कादेमिया चित्रसंग्रहालय सोमवारी दुपारपर्यंतच. रियाल्टोचा मासळीबाजार रविवारी आणि सोमवारी बसत नाही.

शहराचं प्रवेशशुल्क ही २०२४ पासूनची भानगड. ठरावीक तारखांना, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत, फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांना ते भरावं लागतं. २०२५ मध्ये असे ५४ दिवस होते, किमान चार दिवस आधी भरलं तर पाच युरो, उशीर केला तर दहा. व्हेनिस पालिकेच्या हद्दीत रात्र काढणाऱ्यांना, म्हणजे मेस्त्रेत राहणाऱ्यांनाही, ते माफ आहे. पण माफीचीही नोंदणी संकेतस्थळावर करून क्यूआर कोड जवळ ठेवावा लागतो. पादोवा किंवा त्रेविझो या जवळच्या शहरांत राहून दिवसभरासाठी येणाऱ्यांना मात्र माफी नाही.

दिवसांची मांडणी

पोहोचण्याच्या दिवशी काही ठरवू नका. सामान टाका, आपल्या वस्तीत फिरा, परतीचा रस्ता डोळ्यांखालून घाला. रात्री नऊनंतर सान मार्को चौकात जा.

पहिला पूर्ण दिवस सान मार्कोचा. आठला चौकात पोहोचा, नऊला राजवाडा उघडतो, पहिल्याच वेळेचं तिकीट असू द्या. आत दोन तास लागतात. अकरा-साडेअकराची बॅसिलिका. घंटाघराची रांग लांब दिसली तर ती सोडा. सान झक्कारियाहून क्रमांक २ ने समोरच्या सान जॉर्जो माज्जोरे बेटावर या. अंतर एका थांब्याचं, पण त्या दिवशी पास नसेल तर सुटं तिकीट लागेल. तिथल्या घंटाघरालाही लिफ्ट आहे, रांग बहुधा नसते आणि दृश्यात सान मार्कोचं घंटाघरही येतं, जे त्याच्यावरच उभं राहून दिसणं शक्य नाही. सान मार्कोचं हे घंटाघर १९०२ मध्ये कोसळलं आणि १९१२ मध्ये जसंच्या तसं पुन्हा उभारलं. ७५ मिनिटं संपायच्या आत त्याच दिशेची पुढची बोट पकडली तर जुदेक्का बेटाच्या काठाने झात्तेरेला उतरता येतं. दुपार आक्कादेमिया किंवा गुगेनहाइममध्ये घालवा. दोन्ही एका दुपारी केलं तर दुसऱ्यात डोळ्यांत काही शिरत नाही. सांता मारिया देल्ला सालुते चर्च वाटेवरच आहे, १६३० च्या प्लेगनंतर नवस फेडण्यासाठी बांधलेलं, प्रवेश विनामूल्य. सूर्यास्त झात्तेरेवर.

दुसरा दिवस बेटांचा. इथे जवळजवळ सगळे जण मुरानो, मग बुरानो असा क्रम लावतात. उलट करा. फोंदामेंते नोवेहून नऊच्या सुमारास क्रमांक १२ ने थेट बुरानो, पाऊण तास. रंगीत घरांचं हे गाव दहा-साडेदहापर्यंत मोकळं असतं, तिथल्या बायका खिडक्या उघडून कपडे वाळत घालत असतात. कुणाच्या दारात उभं राहून फोटो काढताना एवढं भान ठेवा की ती घरं आहेत. तिथून क्रमांक ९ ने पाच मिनिटांवर तोर्चेल्लो: ६३९ मध्ये स्थापन झालेलं कॅथेड्रल, आत भिंतभर ‘अंतिम न्याया’चं मोझेक, बाहेर शेतं आणि शांतता. एक वाजेपर्यंत बुरानोला परत या आणि मुरानोची बोट धरा. दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान बुरानोच्या धक्क्यावर रांग इतकी लागते की एक-दोन बोटी डोळ्यांदेखत भरून जातात.

मुरानोत १२९१ पासून काचेच्या भट्ट्या आहेत. आगीच्या भीतीने त्या शहरातून इथे हलवल्या गेल्या. भट्टीवरचं खरं काम कामाच्या दिवशी, दुपारपर्यंतच बघायला मिळतं. काही प्रात्यक्षिकं विक्रीच्या दालनातच संपवलेली असतात. सान मार्कोजवळ कुणी ‘मुरानोची फुकट बोट’ देऊ केली तर ती त्या दालनापर्यंतच असते, परतीची जबाबदारी तुमची. काच घ्यायचीच असेल तर ‘व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ हे चिन्ह बघून घ्या. शहरभर स्वस्तात मिळणारे मणी आणि प्राणी बऱ्याचदा बाहेरून आलेले असतात.

निघायच्या दिवशी पास संपायच्या आत क्रमांक १ ची पहाटफेरी, रियाल्टोला उतरून मंडई, आणि तिथून चालत फ्रारी चर्च. चित्रकार टिशियनचं १५१८ चं ‘स्वर्गारोहण’ तिथे ज्या वेदीसाठी रंगवलं त्याच वेदीवर आहे. पाठीमागेच सान रोक्कोचं सभागृह, जिथे टिंटोरेटोने छत आणि भिंती चित्रांनी भरून टाकल्यात. वर बघून मान अवघडते म्हणून तिथे हातात धरायचे आरसे ठेवलेले असतात, संकोच न करता घ्या. पियात्साले रोमा इथून दहा मिनिटांवर.

भरतीचं पाणी

ऑक्टोबर ते जानेवारीत जाणाऱ्यांनी हे नीट वाचावं. पातळी १८९७ च्या समुद्रपातळीच्या मोजपट्टीवरून सांगितली जाते, जमिनीवरून नाही, म्हणून ‘१०० सेंटिमीटर’ ऐकून छातीभर पाणी डोळ्यांसमोर आणू नका. सान मार्को चौक सर्वांत सखल, तिथे ८०-८५ सेंटिमीटरला पाणी दिसू लागतं. ११० ला शहराचा सुमारे १२ टक्के भाग ओला होतो. २०२० पासून लगूनच्या तीन मुखांवरचे ‘मोझे’ या पूररोधक यंत्रणेचे ७८ दरवाजे ११० च्या वरचा अंदाज असला की उचलले जातात. १२ नोव्हेंबर २०१९ सारखा १८७ सेंटिमीटरचा हाहाकार त्यामुळे सहसा वाट्याला येत नाही. पण ८५ ते ११० मधलं पाणी अजूनही येतं, आणि पर्यटकाला भेटतं ते हेच.

पाणी तीन-चार तासांत ओसरतं. तेव्हा दिवस रद्द करू नका, क्रम बदला: भरतीच्या वेळी कान्नारेजो किंवा दोर्सोदुरोच्या उंच भागात, ओहोटीला चौकात. पालिकेच्या भरती केंद्राचं ‘हाय टाइड व्हेनिस’ ॲप तासागणिक अंदाज देतं. चौकात लाकडी फळ्यांचे मार्ग मांडतात, त्यावर उजवीकडून चालायचं आणि फोटोसाठी थांबायचं नाही, मागची अख्खी रांग अडते. फेरीवाले विकतात ती प्लॅस्टिकची मोजेवजा पादत्राणं दगडावर अर्ध्या तासात फाटतात. रबरी बूट दुकानातून घ्या किंवा हॉटेलकडे मागा. पाणी वाढलं की काही बोटी लहान पुलांखालून जाऊ शकत नाहीत आणि त्यांचे मार्ग तोडले जातात. दाट धुक्यातही तसंच.

खाणं आणि दंड

बाकारोत, म्हणजे इथल्या छोट्या वाइन-बारमध्ये, उभ्यानेच खायचं. काचेआड मांडलेले चिकेत्ती, म्हणजे पावाच्या कापावर काहीतरी, बोटाने दाखवून घ्यायचे, एकेक साधारण दोन युरोंपासून. बरेचसे माशांचे असतात. शाकाहारींनी चीज, आर्टिचोक, वांगं, भोपळा यांचे विचारावेत आणि अँचोव्ही नाही ना याची खात्री करावी. टेबलावर बसलं की माणशी ‘कोपेर्तो’ म्हणजे बैठकीचा आकार लागतो, तो वाढीव बिलाचा फसवाफसवीचा प्रकार नाही, मेन्यूत लिहिलेला असतो. खरी ठेच लागते ती अख्ख्या माशाला: मेन्यूतला भाव बऱ्याचदा १०० ग्रॅमचा असतो, ‘एत्तो’ असं बारीक लिहिलेलं. सातशे ग्रॅमचा मासा आला की भाव सातपट. वजन आणि एकूण किंमत आधी विचारा. सान मार्को चौकातल्या जुन्या कॅफेत वाद्यवृंद वाजत असेल तर संगीताचा आकार वेगळा. स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात आणि रात्री सातला उघडतात. नळाचं पाणी उत्तम, चौकाचौकात वाहते नळ आहेत, बाटली भरून घ्या.

कालव्यात पोहणं, पुलांच्या आणि स्मारकांच्या पायऱ्यांवर पथारी पसरून खाणं, कबुतरांना दाणे टाकणं, सायकल नुसती हातात धरून नेणंसुद्धा: सगळ्याला दंड. रस्त्यावर नकली बॅग विकत घेणाऱ्यालाही इटलीत दंड होतो.

परतीच्या आदल्या संध्याकाळी वाहतूक संपाची, इथल्या भाषेत ‘शोपेरो’ची, सूचना बघून ठेवा. संपात बोटी कमी धावतात. धुक्याचे दिवस असतील तर विमानतळासाठी बोटीऐवजी बसच धरा, आणि पियात्साले रोमापर्यंत बॅग ओढत पोहोचायला नकाशा दाखवतो त्यापेक्षा वीस मिनिटं जास्त धरा.